संगणक : आज घ्यावा की थांबावे?

(तालुक्यातील सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक आणि केंद्रचालक यांच्या एकदिवसीय प्रशिक्षण शिबिरात एका माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



आज सकाळी चहाच्या वेळी एका सरपंचांनी मला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. त्यांच्या ग्रामपंचायतीचा संगणक नऊ वर्षांचा झाला आहे. सकाळी तो सुरू केला की कामाला लागेपर्यंत केंद्रचालकाचा चहा पिऊन होतो, आणि भरलेली माहिती पडद्यावर उमटेपर्यंत समोर उभ्या असलेल्या माणसाचा धीर सुटतो. नवा संगणक घेण्यास मासिक सभेने मान्यता दिली, त्याला आता आठ महिने होऊन गेले. खरेदी मात्र झालेली नाही. तालुक्याच्या दुकानदाराकडे जावे, तर तो म्हणतो, "दोन महिने थांबा, नवीन मॉडेल येतंय." एका सदस्यांचे चिरंजीव पुण्यास नोकरीला आहेत, त्यांनी कळविले की, दिवाळीनंतर भाव उतरतील. दिवाळी होऊन गेली, भाव काही उतरले नाहीत. "तेव्हा साहेब, आता घेऊ का अजून थांबू?" असे त्यांनी मला सरळ विचारले.

मी तेथे उत्तर दिले नाही. कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'ग्रामीण प्रशासन आणि माहिती तंत्रज्ञान' असा भारदस्त छापलेला आहे, आणि त्यावर बोलण्यासाठी मी टिपणेही काढून आणली होती. ती टिपणे मी बाजूला ठेवतो. सरपंचांचा तो एक प्रश्न माझ्या सबंध भाषणापेक्षा अधिक कामाचा आहे असे मला वाटते. मी तंत्रज्ञ नाही, कलाशाखेचा पदवीधर आहे. परंतु या प्रश्नाची किंमत मी एकदा स्वतः मोजलेली आहे, म्हणून त्यावर बोलण्याचे धाडस करतो.

'थांबा, नवे येत आहे' हे वाक्य संगणकाच्या व्यवसायाइतकेच जुने आहे, आणि ते खोटे नाही हीच त्यातली अडचण होय. गॉर्डन मूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६५ साली एक अनुमान मांडले. एका चिपवर जितके सूक्ष्म घटक मावतात, त्यांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल असे त्याने म्हटले. १९७५ मध्ये त्याने त्यात दुरुस्ती केली आणि हा कालावधी दोन वर्षांचा सांगितला. मूर हे इंटेल या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. या कंपनीने १९७१ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते; आज साध्या संगणकाच्या चिपवर ते अब्जांनी मोजावे लागतात. दर दोन वर्षांनी जी वस्तू इतकी बदलते, ती विकत घेणाऱ्याच्या मनात 'आपण घाई तर करीत नाही ना?' अशी शंका कायमची घर करून राहते यात नवल नाही. बैलजोडी घेताना अशी शंका कोणाला येत नाही. पुढच्या वर्षीच्या बाजारात आठ पायांचा बैल येणार नाही, याची सर्वांना खात्री असते.

या शंकेने एक भरभराटीला आलेली कंपनी बुडाल्याची कथा संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. कथानायक ॲडम ऑस्बर्न. याचा जन्म १९३९ साली बँकॉकचा, पण बालपण गेले ते तमिळनाडूतील तिरुवण्णामलै येथे, कारण त्याचे वडील आर्थर ऑस्बर्न हे रमण महर्षींचे निष्ठावंत भक्त होते. अरुणाचलाच्या पायथ्याशी वाढलेला हा मुलगा पुढे अमेरिकेत गेला आणि एप्रिल १९८१ मध्ये त्याने 'ऑस्बर्न १' हा उचलून नेता येण्यासारखा संगणक बाजारात आणला. उचलून नेता येण्यासारखा म्हणजे काय, तर वजन सुमारे ११ किलो, पडदा ५ इंचांचा आणि किंमत १,७९५ डॉलर. शिवणयंत्राच्या पेटीसारखा तो दिसे. तरीही मागणी एवढी वाढली की, काही काळ महिन्याला दहा हजार यंत्रे खपत होती.

मग १९८३ च्या आरंभी ऑस्बर्नने याहून सरस यंत्र येणार असल्याची वाच्यता आधीच केली. विक्रेत्यांनी आणि ग्राहकांनी विचार केला की, चांगले येणारच आहे, तर आज जुने का घ्यावे? मागण्या रद्द होऊ लागल्या. तयार माल गोदामात पडून राहिला, नवे यंत्र वेळेवर पुरेसे हाती आले नाही, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. काही अभ्यासक म्हणतात की, हे एकच कारण नव्हते. कायप्रोसारख्या प्रतिस्पर्ध्यांनी मोठा पडदा देऊन कमी किमतीत यंत्रे विकली, त्याचाही तो परिणाम होता. ते खरेही असेल. परंतु व्यापारी जगात आजही उद्याच्या मालाची जाहिरात करून आजचा माल पडून राहिला की, त्याला ऑस्बर्नचेच नाव देतात. स्वतः ऑस्बर्न अखेरच्या काळात भारतात परतला आणि २००३ मध्ये कोडाईकनाल येथे त्याचे निधन झाले.

ही कथा मी विक्रेत्याच्या बाजूने सांगितली. आपल्याला तिच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहिले पाहिजे. ज्या हजारो ग्राहकांनी मागणी रद्द केली, त्यांच्या टेबलावर त्या दिवशी काय होते? काहीही नव्हते. कंपनी बुडाली याची नोंद इतिहासाने केली. त्यांची कामे किती महिने अडून राहिली, याची नोंद कोणी ठेवली नाही.

माझा स्वतःचा अनुभव

अशा एका अडून राहिलेल्या कामाची नोंद मात्र माझ्यापाशी आहे. २०१२ साली मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी कनिष्ठ पदावर काम करीत होतो. कार्यालयातील संगणक जुना झाला होता. नव्याला मंजुरी होती, निधीही होता. दरपत्रके मागविण्याचे काम माझ्याकडे होते. त्या सुमारास बातम्या येऊ लागल्या की, ऑक्टोबरमध्ये विंडोज ८ ही संगणकाची नवी कार्यप्रणाली येत आहे. मी वरिष्ठांना टिपणी सादर केली की, चार महिन्यांसाठी जुन्या प्रणालीचे यंत्र घेणे हे शासकीय पैशाचा अपव्यय करणारे ठरेल. टिपणीची भाषा मला त्या वेळी फार समर्पक वाटली होती. वरिष्ठांनीही ती मान्य केली.

ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आली. पडद्याच्या कोपऱ्यातील ओळखीचे 'स्टार्ट' बटनच त्यातून नाहीसे झाले होते. ज्यांनी ती घेतली होती ते वैतागले होते; आमच्याच एका सहकाऱ्याच्या घरच्या नव्या यंत्रावर त्याचा जुना स्कॅनर चालेना. तेव्हा मी दुसरी टिपणी लिहिली की, प्रणालीतील दोष दूर होईपर्यंत थांबणे श्रेयस्कर. तसे दोष दूर झालेली आवृत्ती पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये आली. परंतु मध्ये मार्च येतो, हे मी विसरलो होतो. मार्चअखेर निधी परत गेला.

२०१२-१३ हे साल महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागात भीषण दुष्काळाचे होते हे आपल्याला आठवत असेल. त्या उन्हाळ्यात आम्ही गावोगाव हिंडत होतो. टँकरभोवतीच्या रांगा, चारा छावण्या, आटलेल्या विहिरी यांची शेकडो छायाचित्रे काढली होती आणि ती सारी त्या जुन्या संगणकात साठविलेली होती. मे महिन्यात एके दिवशी यंत्रातून टक् टक् असा आवाज येऊ लागला. दुसऱ्या दिवशी ते सुरू झाले नाही. हार्ड डिस्क निकामी झाली होती. वर्तमानपत्रांना पाठविलेली दहा-वीस छायाचित्रे तेवढी वाचली.

पावसाळ्यात एक शेतकरी कार्यालयात आले. छावणीत त्यांच्या वडिलांचे बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे असलेले छायाचित्र आम्ही काढले होते, हे त्यांना आठवत होते. वडील वैशाखात वारले होते. घरात त्यांचे दुसरे छायाचित्र नव्हते. मी त्यांना यंत्र बिघडल्याचे सांगितले. ते म्हणाले, "असू द्या साहेब, यंत्रच आहे," आणि निघून गेले. त्यांना मी पूर्ण सत्य सांगितले नाही. छायाचित्रांची दुसरी प्रत काढून ठेवली नाही हा माझा पहिला अपराध, आणि नवे यंत्र मंजूर असताना त्याहून नव्याची वाट पाहत बसलो हा दुसरा.

थांबण्याचे गणित

आता कोणी म्हणेल, हा एक वाईट योग झाला. एरवी थांबण्यात फायदाच असतो. तेव्हा गणिताकडे वळू. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या काही खगोलशास्त्रज्ञांनी १९९९ साली अर्धे गमतीने, अर्धे गंभीरपणे नेमका हाच प्रश्न सोडविला. संगणकाची शक्ती दर अठरा महिन्यांनी दुप्पट होते असे त्यांनी गृहीत धरले आणि विचारले की, एखादे प्रचंड गणित आज सुरू करावे, की काही काळ आराम करून पुढे वेगवान यंत्रावर सुरू करावे? उत्तर असे निघाले की, जे गणित आजच्या यंत्रावर २६ महिन्यांहून अधिक काळ चालणार आहे, त्याच्याच बाबतीत थांबणे लाभाचे आहे. समजा, एक गणित आज ४० महिने घेईल. सुमारे ११ महिने स्वस्थ बसून मग नवे यंत्र घेतले, तर ते २६ महिन्यांत सुटेल. म्हणजे एकूण ३७ महिने. तीन महिने वाचले.

आता आपल्या गावाकडे पाहू. जन्मनोंदीचा उतारा काढण्याचे काम किती वेळाचे? रहिवासी दाखल्याचे? शाळेच्या मुख्याध्यापकांना विद्यार्थ्यांची माहिती भरण्यास एक दिवस, फार तर दोन दिवस लागत असतील. येथे बसलेल्या कोणाकडे सव्वीस महिने अखंड चालणारे गणित आहे काय? ज्यांच्याकडे आहे, त्यांनी खुशाल थांबावे. आपली कामे मिनिटांची आहेत, आणि मिनिटांच्या कामासाठी महिने थांबण्याचा हिशोब कोणत्याही शास्त्रात बसत नाही.

शिवाय ते अठरा महिन्यांचे गृहीतही आता राहिलेले नाही. १९९३ मध्ये पेंटियम प्रोसेसर आला तेव्हा त्याची चाल ६० मेगाहर्ट्झ होती. २००२ च्या अखेरीस त्याच घराण्यातील पेंटियम ४ ने ३ गिगाहर्ट्झची सीमा ओलांडली. नऊ वर्षांत पन्नासपट! त्या काळात ज्याने एक वर्ष कळ काढली त्याला खरोखरच काही वेगळे यंत्र मिळत असे. त्यानंतर उष्णतेची अडचण आली आणि ही चाल जवळपास तेथेच अडखळली. आजही कार्यालयीन संगणकांचे आकडे ३ ते ५ गिगाहर्ट्झच्या घरात दिसतील. सुधारणा होतात, पण त्या चित्रपटाचे संकलन करणाऱ्याला किंवा प्रयोगशाळेला जाणवतात. दाखला टंकित करणाऱ्याला या वर्षीच्या आणि पुढील वर्षीच्या मॉडेलमधील फरक डोळे मिटून ओळखता येणार नाही. तुमच्या सध्याच्या नऊ वर्षांच्या यंत्रात आणि आजच्या यंत्रात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आपण तुलना करतो ती आजच्या आणि उद्याच्या यंत्राची. करावयास हवी ती कालच्या आणि आजच्या यंत्राची.

भावाचेही तसेच. यंत्रे उतरत्या भावाने मिळतात ही समजूत सर्वसाधारणपणे बरोबर असली, तरी तिच्यावर विसंबून चालत नाही. २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर त्यांचे भाव कित्येक महिने चढलेले राहिले. कोठे तो चाओ फ्राया नदीचा पूर आणि कोठे आपल्या तालुक्याचा बाजार! पण दरपत्रकावर तो पूर उमटला. २०२० च्या टाळेबंदीत शिक्षण व कामकाज घरून सुरू होताच यंत्रेच मिळेनाशी झाली. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड केंद्रांनी स्मृती-चिपांची मागणी इतकी वाढविली की, रॅमचे भाव उतरण्याऐवजी चढले. पुण्याच्या चिरंजीवांचे अनुमान चुकले, त्याचे हेच कारण असावे.

आणि समजा, थांबून तीन हजार रुपये वाचलेच. एक साधा हिशोब करू. आपल्या केंद्रात दिवसाला वीस माणसे येतात आणि मंद यंत्रामुळे प्रत्येकाची दहा मिनिटे अधिक जातात असे धरा. दिवसाची दोनशे मिनिटे झाली. महिन्याचे पंचवीस दिवस, असे सहा महिने म्हणजे तीस हजार मिनिटे, अर्थात पाचशे तास. आठ तासांचा दिवस धरला तर बासष्ट दिवसांची मजुरी. रोज तीनशे रुपये धरला, तरी साडेअठरा हजारांहून अधिक रक्कम गावाच्या खिशातून गेली. ती पंचायतीच्या रोकडवहीत कोठेही दिसणार नाही. लेखापरीक्षक तिच्यावर आक्षेप घेणार नाही. तीन हजारांची बचत मात्र ठळक दिसेल. शासकीय काटकसरीचा हा जुना दोष आहे असे मला नम्रपणे वाटते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला, त्यात विहित मुदतीत सेवा न मिळाल्यास अपिलाची आणि दंडाची तरतूद आहे. अपील अधिकाऱ्यासमोर 'आम्ही नव्या मॉडेलची वाट पाहत होतो' असे कोणी सांगून पाहावे.

थांबणे केव्हा योग्य?

तथापि, उठावे आणि आजच दुकान गाठावे, असे माझे म्हणणे नाही. प्रथम हे पाहावे की, नव्या यंत्राची गरज आहे काय? पुष्कळदा मंदपणाचे कारण जुनी हार्ड डिस्क हेच असते. तिच्यात तबकडी फिरत असते आणि सुई पुढे-मागे सरकून माहिती वाचते. म्हणून यंत्र सुरू होताना एवढा वेळ लागतो. तिच्या जागी एसएसडी बसविली, आणि रॅम चार जीबी असेल ती आठ केली, तर पाच-सहा वर्षांचे यंत्र काही हजार रुपयांत पुन्हा तरतरीत होते. मी स्वतः हे दोन कार्यालयांत करून पाहिले आहे. गाडीचे टायर झिजले म्हणून कोणी गाडी विकत नाही.

या उपायाला एक मर्यादा आहे, आणि तीच आज सर्वांत महत्त्वाची आहे. यंत्र किती वेगवान आहे यापेक्षा ते किती काळ सुरक्षित राहणार आहे, हे पाहिले पाहिजे. प्रत्येक कार्यप्रणालीला निर्मात्याने ठरविलेले आयुष्य असते. विंडोज एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती एप्रिल २०१४ मध्ये थांबली, विंडोज ७ ची जानेवारी २०२० मध्ये. २०१५ साली आलेल्या विंडोज १० ची नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहे. त्यापुढे थोड्या मुदतीची वाढ मिळते, पण ती तात्पुरती सोय होय. विंडोज ११ घालावी म्हटले, तर तिला टीपीएम २.० हा सुरक्षेचा घटक आणि साधारणतः २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. दुरुस्ती थांबलेल्या यंत्राचे काय होऊ शकते हे मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने अनेक देशांतील संगणकांतील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या यंत्रांवर आधीच उपलब्ध असलेली दुरुस्ती चढविली नव्हती किंवा ज्यांची प्रणाली जुनाट झाली होती, ती त्याला बळी पडली. इंग्लंडमधील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. आपल्या यंत्रात गावाच्या नोंदी असतात, आणि त्याला अधिकाऱ्याच्या डिजिटल स्वाक्षरीचे टोकन जोडलेले असते.

दुसरे असे की, अगदी काल बाजारात आलेले मॉडेल आज घेऊ नये. मघाशी मी त्या स्कॅनरचे सांगितले. आपल्याकडे ठसे घेणारे उपकरण असते, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन असते, दहा वर्षांचा जुना पण इमानी प्रिंटर असतो. ही सर्व नव्या यंत्राशी जुळतात की नाही, हे इतरांना कळायला तीन-चार महिने जातात. ते महिने जाऊ द्यावेत. निर्मात्याने नवे मॉडेल येण्याची तारीख अधिकृतपणे जाहीर केली असेल आणि ती पंधरा दिवसांवर आली असेल, तर मागील मॉडेल किंचित स्वस्त मिळण्याची शक्यता असते. तेव्हा थोडे थांबण्यास हरकत नाही. दुकानदाराचे 'येतंय' म्हणजे मात्र अधिकृत तारीख नव्हे.

दुकानदारांचा विषय निघालाच आहे, तर एक सावधगिरी सांगतो. इंटेल कंपनीचे 'कोअर आय-फाइव्ह' हे नाव २००९ पासून चालत आले आहे. नाव तेच, पण त्याखाली एकामागून एक पिढ्या येऊन गेल्या. 'आय-फाइव्ह आहे साहेब' एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे आडनाव ऐकून सोयरीक जमविण्यासारखे झाले. पिढी कोणती आणि ती कोणत्या साली आली, हे दरपत्रकावर लिहून घ्यावे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'जेम' या शासकीय ई-बाजारपेठेतून खरेदी करतानाही मागणीत प्रोसेसरची पिढी, रॅम, एसएसडी आणि जागेवर येऊन दुरुस्ती करण्याची हमी किती वर्षांची, हे नेमके नमूद करावे. हमीचा मुद्दा तालुक्यापासून तीस किलोमीटरवरच्या गावाला फार मोलाचा आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या अनुसूचीत अशा संगणकाचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरले आहे. आपण एवढे उधळे होऊ शकत नाही. पाच वर्षे धरावीत, आणि पाचव्या वर्षाच्या अंदाजपत्रकात नव्याची तरतूद आधीच करून ठेवावी. तशी तरतूद असली, म्हणजे 'आता की मग' हा प्रश्नच फारसा उरत नाही. यंत्राची वेळ झाली की ते येते.

मार्चविषयी दोन शब्द. फेब्रुवारीच्या अखेरीस निधी खर्ची टाकण्याची जी धांदल उडते, तिच्यात मिळेल ते यंत्र मिळेल त्या भावाने घेतले जाते. वर्षभर चांगल्या मॉडेलची वाट पाहणारे आपणच शेवटच्या आठवड्यात दुकानातले शिल्लक राहिलेले मॉडेल उचलतो! खरेदीची प्रक्रिया जून-जुलैमध्ये सुरू करावी. तोवर पावसामुळे इतर कामेही थोडी संथ असतात.

नवे यंत्र आल्यावर जुन्याचे काय, हेही ठरले पाहिजे. सर्वप्रथम त्यातील सर्व माहितीच्या दोन प्रती काढाव्यात आणि त्या दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. जुन्या मराठी फाँटमध्ये टंकित केलेले ठराव नव्या यंत्रावर उघडले की, अक्षरांऐवजी खुणांचा पाऊस पडतो. युनिकोडपूर्व काळातील असे दस्तऐवज जुने यंत्र चालू आहे तोवरच रूपांतरित करून घ्यावेत किंवा निदान छापून ठेवावेत. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून ते नेहमी राहून जाते. यंत्र धड असेल, तर त्यावर सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली किंवा तिच्यासारखी दुसरी हलकी प्रणाली घालून मुलांच्या टंकलेखनाच्या सरावासाठी ते वापरता येईल. अगदीच निकामी असेल, तर रीतसर निर्लेखन करून जडवस्तू संग्रह नोंदवहीत तशी नोंद घ्यावी आणि यंत्र नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे. एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. भंगारवाल्याला वजनावर संगणक देण्याचे दिवस संपले. देण्यापूर्वी त्यातील डिस्क काढून नष्ट करावयास विसरू नये; गावातील सर्वांची माहिती तिच्यात असते.

मुख्याध्यापकांच्या बाबतीत थोडा निराळा विचार करावा लागेल. एका वर्गासाठी दहा यंत्रे एकदम घ्यावयाची असतील, तर एकाच प्रकारची घ्यावीत. मग ती बाजारातील सर्वांत नवी नसली तरी चालेल. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला लागू पडतो आणि शिक्षकांना दहा तऱ्हा शिकाव्या लागत नाहीत. त्याविषयी सविस्तर दुपारच्या सत्रात.

आता सकाळच्या सरपंचांकडे वळतो. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत, आणि मी उत्तर टाळले असे त्यांना वाटत असेल. आपला संगणक नऊ वर्षांचा आहे, म्हणजे बहुधा विंडोज ११ त्यावर चालणार नाही, आणि विंडोज १० ची मुदत संपलेली आहे. तेव्हा एसएसडीचा उपाय आपल्या उपयोगाचा नाही. मासिक सभेचा ठराव आहे, निधी आहे. जेवणाच्या सुट्टीत यंत्राच्या मागील बाजूचा क्रमांक आपल्या केंद्रचालकाला दूरध्वनी करून मागवून घ्या. आपली शंका फिटावी म्हणून तो क्रमांक आपण येथेच तपासू, आणि ई-बाजारपेठेवर घालावयाच्या मागणीचा मसुदा मी व आपले ग्रामपंचायत अधिकारी (यांना आपण सवयीने अजून ग्रामसेवकच म्हणतो) मिळून तीन वाजेपर्यंत तयार करू. इतर कोणाला असाच मसुदा हवा असेल, त्यांनीही आपापल्या यंत्राचा क्रमांक आणि खरेदीचे साल एका कागदावर लिहून माझ्याकडे द्यावे.